बाराव्या गड्याचा झेल

दिनकर खराडे आमच्या घरी कुठलीही वस्तू सरळ हातात घ्यायचे नाहीत. बटाटा असो, लिंबू असो, काडेपेटी असो, मी पुढे केली की ते दोन पावलं मागे सरकायचे, स्वयंपाकघराच्या दारात गुडघे वाकवून, तळवे जोडून उभे राहायचे आणि म्हणायचे, "असं नको वैनी. टाका की!"

आता मी सांगलीची. खायची वस्तू फेकू नये हे मला आईनं हातावर पट्टी मारून शिकवलेलं. पण स्टुटगार्टमध्ये मराठी बोलणारा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडत नव्हता, तिथे घरी येणाऱ्या एकुलत्या एक मानलेल्या दिराचं मन कोण मोडणार? मी टाकायची. आधी हळू, मग जरा जोरात, मग चक्क चिडून. एकदा कशावरून तरी आमचं वाजलं, तेव्हा मी लाटणं फेकलं. तेही झेललं, आणि वर सल्ला दिला, "वैनी, मनगट जरा सैल सोडा. अजून वेग येईल." असा माणूस. याच्याशी भांडायचं तरी कसं, सांगा!

ही अठ्ठावन्न-एकोणसाठ सालची गोष्ट. माझे यजमान झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. आम्ही राहायचो स्टुटगार्टच्या एका चढावरच्या गल्लीत, फ्राउ हेबर्ले नावाच्या विधवा बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर. दिनकरभावोजी तिथल्या टेक्निकल होखशूलमध्ये, म्हणजे इंजिनिअरिंगच्या विद्यापीठात, डॉक्टरेट करत होते. विषय काय, तर गिअरचे दात कसे झिजतात. "दादा, माझे झिजत आले, पण त्या गिअरचे काय झिजंनात बघा," असं ते यांना दर रविवारी सांगायचे आणि दुसऱ्यांदा आमटी वाढून घ्यायचे.

माणूस कोल्हापूरचा. आवाज असा की श्ट्रासेनबानमध्ये, म्हणजे ट्रॅममध्ये, बोलायला लागले की पुढच्या डब्यातला कंडक्टर मागे वळून बघायचा. जर्मन फाडफाड यायचं, पण तेही कोल्हापुरी चालीवर. फ्राउ हेबर्लेंना सुरुवातीला हा प्राणी अजिबात आवडला नव्हता. त्यांच्याकडे केअरवोखेची पद्धत होती. आठवड्याआड दाराला एक लाकडी पाटी लटकायची, आणि ती लटकली की त्या आठवड्यात जिना, फरशी, अंगण झाडून-पुसून लख्ख करायचं काम आपलं. आमची पाटी आली की भावोजी झाडू घ्यायचे, आणि अर्ध्या जिन्यावर झाडू टेकून भिंतीवर चेंडू मारत बसायचे. फ्राउ हेबर्ले खालून ओरडायच्या. मग एकदा माझ्या सासूबाईंनी बोटीनं पाठवलेली कैरीच्या लोणच्याची बरणी माझ्या हातून निसटली आणि जिन्यावरून गडगडत निघाली. भावोजी खालच्या वळणावर होते. त्यांनी झाडू सोडला, आडवे झाले आणि फरशीपासून वीतभर उंचीवर बरणी धरली. कोपर सोलून निघालं.

"लोणचं झेलबाद!" ते पडल्या पडल्या ओरडले.

फ्राउ हेबर्ले दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "आल्झो, हेर खराडे!" एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या बागेतली सफरचंदं खिडकीतून भावोजींच्या दिशेनं यायला लागली. सहसा ही बाई सालसुद्धा कुणाला फुकट देत नसे.

एवढे झेल घेणारा माणूस, तर मोठा क्रिकेटपटू असणार असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. मी विचारलं, तर हसत हसत म्हणाले, "खेळलो न्हाई वैनी. पण टीममध्ये होतो."

कॉलेजात असताना त्यांची मोठ्या संघात निवड झाली होती. बारावा गडी म्हणून. म्हणजे अकरा जण खेळणार आणि कुणाला ताप आला, पाय मुरगळला, तर हा आत. वडील, त्यांना भावोजी आबा म्हणायचे, पिठाची गिरणी बंद ठेवून एसटीनं सामना बघायला आले. गिरणी त्यांनी सख्ख्या भावाच्या लग्नातही बंद ठेवली नव्हती. सबंध सामनाभर आबा उन्हात बसले, आणि सबंध सामनाभर कुणालाही काही झालं नाही. "एवढी निरोगी टीम जगात झाली नसंल!" भावोजी पाण्याचा जग आणि पेले घेऊन मैदानात जायचे आणि परत यायचे. शेवटी आबा त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पाणी मातूर झ्याक दिलंस गड्या."

हे सांगताना ते इतके हसायचे की आपणही हसावं. पण एकदा हसणं मधेच थांबवून म्हणाले, "वैनी, आबांच्या एका डोळ्याला मोतीबिंदू हाय. दुसऱ्यात उतरायला लागलाय. तेवढ्यात एकदा त्यांनी मला मैदानात बघाया पायजे. आत. हातात जग नसताना." मी म्हटलं, इथे स्टुटगार्टात कुठलं आलंय मैदान? तर म्हणाले, "गेनाऊ. तेच तर."

आणि नेमकं मैदानच त्यांना शोधत आलं.

म्युनिचची एक छोटी सिनेमा कंपनी एका गाजलेल्या अमेरिकन बेसबॉल खेळाडूच्या आयुष्यावर चित्रपट काढत होती. त्याचं नाव डॅनी ब्रिगम. जर्मनीत अमेरिकन सैन्याचा तळ गावोगावी, तेव्हा सगळे शिपाई तिकीट काढून येतील असा हिशेब. जर्मन लोकांनीही यावं म्हणून त्यांनी ब्रिगमला एक श्वाबिश, म्हणजे आमच्या स्टुटगार्टकडची, आजी दिली. खऱ्या ब्रिगमला असली कुठली आजी नव्हती. ती चुलीपुढे बसून नातवाला सफरचंद फेकायची आणि असा म्हणे तो झेलायला शिकला. अमेरिकन सैन्याचं मैदान काही दिवसांसाठी मिळालं होतं, शिपाईच खेळाडू म्हणून उभे राहणार होते. पण ऐन वेळी सगळी पलटण कवायतीला बाहेर गेली. मग दिग्दर्शक विद्यार्थ्यांच्या मेन्झात, म्हणजे खानावळीत, येऊन विचारत सुटला, इथे बेसबॉल कुणाला येतो?

जर्मन पोरं फुटबॉलवाली, ती गप्प. आमच्या भावोजींनी हात वर केला.

बेसबॉल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. आमचे हे म्हणाले, "अहो खराडे, निदान एखादं पुस्तक तरी वाचा!" भावोजी म्हणाले, "दादा, बेसबॉल म्हंजे क्रिकेटचा धाकटा भाऊ. थोरल्याला वळखतो, धाकटा कुठं जातोय?"

झाले की हो सल्लागार! डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. ग्रीक, हंगेरियन, तुर्की अशा जमतील त्या विद्यार्थ्यांची टीम उभी केली. दिग्दर्शक म्हणाला, काळ्या-पांढऱ्या सिनेमात सगळे उन्हानं रापलेलेच दिसतात, काळजी नको. प्रेक्षक म्हणून गल्लीतल्या बायकांना बोलावलं होतं. मजुरी म्हणजे एक सॉसेज आणि लेमोनेड. सॉसेज मी खात नसे, ते फ्राउ हेबर्लेंच्या वाट्याला. त्यांचीच हॅट डोक्यावर आणि ओव्हरकोटच्या आत नऊवार दाबून मी रोज बाकावर जाऊन बसायची आणि अमेरिकन बाई असल्याचा अभिनय करायची.

ब्रिगमचं काम डीटर नावाचा एक देखणा, घाबरट नट करत होता. त्याचा पहिलाच सिनेमा. चेंडू आला की तो डोळे गच्च मिटायचा आणि बॅट हवेत फिरवायचा. युनिटमधले लोक त्याला तोंडावर हसायचे. भावोजी हसले नाहीत. ते दर संध्याकाळी त्याला आमच्या अंगणात आणायचे आणि तासभर बॅट धरायला शिकवायचे. "डावं कोपर वर! डोकं खाली! बॉलकडं बघ रे बाबा, तो काय तुझा सासरा हाय?" हे सगळं जर्मनमध्ये. मी चहा करून द्यायची. फ्राउ हेबर्ले खिडकीतून सफरचंदं टाकायच्या आणि डीटर ती बॅटनं टोलवायचा. बहुतेक चुकायची.

शूटिंग झकास चाललं होतं. चेंडू टाकणारा हंगेरियन पोरगा भावोजींच्या सांगण्यावरून झकास टप्पा पाडून ऑफब्रेक टाकत होता. डीटर तो जमिनीलगत ढकलायचा, बॅट घेऊन धावायचा आणि त्या बेसच्या उशीवर बॅट टेकवून उभा राहायचा. बॅट टेकली की नाबाद. कोल्हापूरच्या पोरालाही ठाऊक असतं हे. झेल घ्यायला सगळ्यांना चामड्याचे मोठे हातमोजे दिले होते. भावोजींनी स्वतःचा मोजा परत केला. "मोजा घालून कॅच? थंडी वाजतीया का मला?"

मग मैदानाचा नळ दुरुस्त करायला एक अमेरिकन सार्जंट आला. तो कुंपणापाशी थांबला. त्यानं हंगेरियनचा टप्पा पाहिला, डीटरनं बगलेत बॅट मारून ठोकलेली धूम पाहिली, उशीवर टेकवलेली बॅट पाहिली, आणि हातातला पाना टाकून तो माणूस गवतावर बसला. हसून हसून त्याला उभंच राहवेना. बेसबॉलमध्ये चेंडूला टप्पा नसतो, चेंडू मारला की बॅट तिथेच टाकून पळायचं असतं, हे त्यानं डोळे पुसत पुसत दिग्दर्शकाला सांगितलं.

दिग्दर्शकाचा चेहरा बघवत नव्हता. तोवरची सगळी फिल्म वाया! भावोजींची टोपी गेली, शिट्टी गेली. घालवूनच द्यायचा होता त्यांना, पण डीटर आडवा आला. हा माणूस गेला तर मीही जातो, म्हणाला. दिग्दर्शकानं दात-ओठ खाल्ले आणि म्हणाला, ठीक आहे, राहू दे. पण याला मी सिनेमातला सगळ्यात नालायक खेळाडू करणार आहे.

सिनेमाच्या शेवटी ब्रिगम चेंडू उंच मारतो. समोरच्या टीमचा एक जण त्याखाली उभा असतो, त्याच्या हातात चेंडू येतो आणि सुटतो, आणि ब्रिगम जिंकतो. तो चेंडू सोडणारा गडी म्हणजे खराडे. एक कॅमेरा खास त्यांच्या तोंडासमोर.

भावोजींना आधी आनंदच झाला. मैदानात! आणि तोंड मोठ्ठं दिसणार! दिग्दर्शकाला त्यांनी विचारलं, सिनेमा कोल्हापूरला जाणार ना? कोल्हापूर कुठे आहे हे त्याला काय डोंबल माहीत! तो म्हणाला, "या, या, नाट्यूरलिश," म्हणजे हो हो, जाणारच. भावोजींनी त्याच दिवशी घरी कळवलं. आबांनी गिरणीवर दळण न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, की आमचा दिनू सिनेमात खेळतोय.

आणि मग सराव सुरू झाला, तेव्हा खरी गंमत कळली. दिग्दर्शकाचा मदतनीस कॅमेऱ्यामागून चेंडू उंच फेकायचा, आणि भावोजी तो झेलायचे. "फालेन लासेन, हेर खराडे! पडू द्या!" दिग्दर्शक ओरडायचा. भावोजी मान हलवायचे, माफी मागायचे आणि पुढचाही झेलायचे. डोळे मिटून उभं केलं, तरी झेलला. पाठ करून उभं केलं, तरी वळून झेलला. एकदा तर सुटला म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तर भावोजींनी तो गुडघ्याशी पुन्हा पकडला. मी बाकावर बसून इतकी हसले, की फ्राउ हेबर्लेंची हॅट पडली.

चहाच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, "भावोजी, पुरे झाला आता खेळ. सोडा की एकदाचा!"

"हात ऐकत न्हाईत वैनी."

"हात ऐकत नाहीत की तुम्ही?"

ते गवत उपटत बसले होते. म्हणाले, "आबा बघणार. सगळी गल्ली बघणार. आयुष्यात एकदा बा मला मैदानात बघणार, आणि काय बघणार? पोरगं जर्मनीत जाऊन कॅच सोडतंय."

"मग नाही म्हणून सांगा."

"न्हाई म्हटलं की मैदानाच्या भाईर. परत जग आणि पेले."

मी त्यांच्या शेजारी गवतावर बसले. माझ्या वाटणीचं लेमोनेड त्यांच्यापुढे सरकवलं.

शेवटचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी मैदान अमेरिकनांना परत करायचं होतं, आणि आभाळ भरून येत होतं. दिग्दर्शकानं ठरवलं, आता फेकाफेकी नको, डीटरनं खरंच मारायचं, चेंडू खरंच उडायचा, आणि खराडे काय करतील ते करोत. हंगेरियन पोरगा टाकत राहिला, डीटर हुकवत राहिला. युनिटचे लोक आता उघड शिव्या देत होते. एक जण म्हणाला, या पोराला पुन्हा कुणी सिनेमात घेतलं तर मी टोपी खाईन. डीटरनं ते ऐकलं. त्यानं बॅटची मूठ पँटीला पुसली आणि पुन्हा डोळे मिटून उभा राहिला. लांबून, मैदानाच्या पार टोकाकडून भावोजींची आरोळी आली, "डोळे उघड रे! सफरचंद हाय समज!"

आणि डीटरनं मारला. डोळे उघडे ठेवून, कोपर वर करून, असा सणसणीत मारला की आम्ही बायका आपोआप उभ्या राहिलो. चेंडू उंच गेला आणि बरोबर भावोजींच्या डोक्यावर आला. ते दोन पावलं मागे सरकले, गुडघे वाकवले, तळवे जोडले. माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे अगदी तसे. चेंडू हातात आला. मला वाटलं, गेलं, पुन्हा झेलला!

तळवे उघडले. चेंडू खाली पडला.

दिग्दर्शक नाचायला लागला. डीटर बेभान होऊन पळत सुटला. सार्जंटनं सांगितलेलं सगळं विसरून, बॅट हातात घट्ट धरून पळाला आणि जाऊन उशीवर टेकवली! पण तो शॉट पुन्हा घेता येणार नव्हता. पाऊस आलाच होता. तसाच राहिला तो सिनेमात.

परत येताना श्ट्रासेनबानमध्ये भावोजी खिडकीबाहेर बघत होते. कंडक्टरसुद्धा चमकून बघून गेला, आज आवाज कसा नाही म्हणून.

मी विचारलं, "मुद्दाम सोडलात ना?"

"पोरगं पयल्यांदा डोळं उघडं ठेवून खेळलं वैनी. त्याला आउट करायचं काळीज झालं न्हाई." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

घराशी आलो तर फ्राउ हेबर्ले सफरचंद घेऊन खिडकीत उभ्याच. भावोजी दाराशी गेले आणि त्यांनी ते हात पुढे करून घेतलं. "डांके," म्हणाले. मला इतकं वाईट वाटलं, की मी तडक वर निघून गेले.

सिनेमा लागला, तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो. थिएटर अमेरिकन शिपायांनी भरलं होतं. श्वाबिश आजीला बघून जर्मन बायका रडल्या आणि उशीवर टेकवलेल्या बॅटला शिपाई इतके हसले, की शेवटचे संवाद कुणाला ऐकूच आले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात सिनेमा उतरला. कोल्हापूर राहिलं, शेजारच्या उल्मपर्यंतसुद्धा पोचला नाही. डीटरला मात्र त्या शेवटच्या शॉटवरून पुढे कामं मिळाली.

थोड्याच महिन्यांत गिअरचे दात एकदाचे झिजले आणि भावोजी डॉक्टर झाले. निघायच्या आधी ते आमच्याकडे आले, ते खिशातून फिल्मचा वीतभर तुकडा काढतच. सिनेमा जोडणाऱ्या बाईला गळ घालून मिळवला होता. त्यांनी तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी उजेडात धरला. एका चौकोनात चेंडू वर होता, पुढच्यात छातीशी, पुढच्या काहींत हातात. मग तळवे उघडलेले.

"वैनी, तुमची कात्री द्या."

मी दिली. त्यांनी ती उघडली, मिटली आणि मलाच परत दिली, म्हणून शेवटी मीच कापलं; चेंडू हातात आहे तिथपर्यंत ठेवून. उरलेल्या तुकड्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. तो अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आम्ही सुट्टीवर आलो, तेव्हा वाट वाकडी करून कोल्हापूरला गेलो. भावोजी आता कॉलेजात शिकवत होते, पोट सुटलं होतं, आवाज तोच. घर गिरणीच्या मागे. आम्हाला बघून इतके हरखले, की चहा सांगायला, भडंग आणायला, आत-बाहेर नुसती धावपळ. आमचे हे हातपाय धुवायला मागे गेले, आणि मी आबांजवळ बसले. त्यांचा एक डोळा पुरता गेला होता. आबांनी उशाखालून चष्म्याची डबी काढली, डबीतून तो फिल्मचा तुकडा, आणि खिडकीकडे वळून दुसऱ्या डोळ्याशी अगदी चिकटवून धरला.

"बघ पोरी. आमचा दिनू."

"वा! काय झेल घेतलाय!" मी म्हणाले. आवाज जरा जास्तच लागला.

आबा मान हलवून हसले. "सुटलेला हाय ह्यो."

"अहो, हातात आहे की चेंडू!"

"हातात हाय, पर म्होरं कात्रीनं कापलंय. धरला असता तर माझ्या लेकानं कापला असता व्हय? आख्खी रीळ डोक्यावर घिऊन आला असता!"

मी दाराकडे पाहून घेतलं. म्हटलं, "त्यांना सांगितलंत?"

"कशापायी? त्येला वाटतंय म्हाताऱ्याला कळलं न्हाई. ऱ्हाऊ दे." मग तुकडा पुन्हा उजेडात धरून, बोटानं दाखवत ते म्हणाले, "सुटंना का. मैदानात हाय की! आत हाय. आन् हातात जग न्हाई."

तेवढ्यात भावोजी आतून आले. एका हातात पितळी जग, दुसऱ्या हातात पेल्यांचं तबक. "काय गप्पा चालल्यात?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाई," आबांनी डबी मिटून उशाखाली सारली. "पावन्यास्नी पाणी दे."

भावोजींनी वाकून एकेक पेला भरला, काठोकाठ, थेंबही न सांडता. आबांच्या ओठांशी पेला त्यांनी स्वतः धरला. आबा घटाघटा प्यायले, मिशा पुसल्या आणि चाचपडत त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"पाणी मातूर झ्याक देतोस गड्या."